मुख्य दालनात जागा द्या : मराठी चित्रपट महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मराठी चित्रपट महोत्सवांचे व चित्रपटविषयक प्रदर्शनांचे आयोजक, फिल्म सोसायट्यांचे पदाधिकारी आणि निवड समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त चित्रपट संकलक आहे, म्हणजे चित्रित झालेली दृश्ये कापून-जोडून चित्रपट उभा करणारी. १९८६ साली सहायक म्हणून संकलनाच्या टेबलाशी उभी राहिले, आणि पुढे फिल्मची रिळे जाऊन संगणक आले तरी ते काम सुटले नाही. हे पत्र लिहिण्याचे कारण या वर्षीच्या जानेवारीत घडले. एका जिल्ह्याच्या गावी भरलेल्या चित्रपट महोत्सवात, चित्रपट घडवणाऱ्या मराठी माणसांवर एक प्रदर्शन मांडले होते. प्रदर्शन देखणे होते. ते उभारणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यासाठी किती रात्री जागवल्या असतील याची मला कल्पना आहे, म्हणून त्या महोत्सवाचे नाव मी येथे घेत नाही. एकूण चोवीस फलक होते. त्यांतले पाच स्त्रियांचे होते आणि त्या पाचही जणी तेथे अभिनेत्री किंवा गायिका म्हणून होत्या. मी फलक मोजत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका महाविद्यालयीन मुलीने मला विचारले, "मॅडम, आपल्याकडे बायका दिग्दर्शन वगैरे अलीकडेच करायला लागल्या ना?" त्या मुलीचा काहीही दोष नव्हता. तिच्यापुढे जे मांडले होते त्यावरून दुसरा कोणता निष्कर्ष निघू शकला असता?

मी आयोजकांना पत्र लिहिले. आठवड्याभरात सौजन्यपूर्ण उत्तर आले की सूचना स्वागतार्ह आहे आणि महिला दिनाच्या निमित्ताने पडद्यामागील महिलांसाठी वेगळा कार्यक्रम करता येईल. तो कार्यक्रम झालाही. दुपारी तीन ते चार असा एक तास, बाजूच्या छोट्या सभागृहात. माझाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि व्यासपीठावर मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता की घर आणि काम यांचा मेळ मी कसा घातला. संकलनाविषयी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. हा एका गावापुरता अनुभव असता तर मी गप्प राहिले असते. परंतु परीक्षक, पाहुणी आणि साधी प्रेक्षक म्हणून गेली अनेक वर्षे मी जेथे जेथे गेले, तेथे थोड्याफार फरकाने हेच पाहत आले आहे, आणि म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना उद्देशून, सर्वांनी वाचावे असे लिहीत आहे.

माझी पहिली तक्रार त्या पाच फलकांविषयीच आहे. त्यांतल्या एकावर दुर्गा खोटे होत्या, 'अयोध्येचा राजा'तली तारामती म्हणून. त्याच दुर्गाबाईंनी १९३७ साली 'साथी' हा चित्रपट स्वतः निर्माण केला आणि स्वतः दिग्दर्शित केला, हे फलकावर कोठेही नव्हते. शेजारी शोभना समर्थ होत्या, 'रामराज्य'मधल्या सीतेच्या वेषात. आपली मुलगी नूतन हिला ज्या चित्रपटातून त्यांनी पडद्यावर आणले, त्या १९५० सालच्या 'हमारी बेटी'चे दिग्दर्शन त्यांचेच होते. तिसरा फलक लीला चिटणीस यांचा. त्यांनी १९५५ साली 'आज की बात' दिग्दर्शित केला. म्हणजे पाचांपैकी तीन स्त्रिया दिग्दर्शिका होत्या आणि प्रदर्शनाने त्यांच्याजवळ हे विचारलेच नाही. चौथा फलक लता मंगेशकरांचा होता, अर्थातच गायिका म्हणून. १९५० साली 'राम राम पाव्हणं'ला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिले; पुढे 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या भालजी पेंढारकरांच्या चार चित्रपटांना त्यांनी 'आनंदघन' या नावाने चाली दिल्या. 'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणे ज्याला येत नाही असा मराठी माणूस मिळणे अवघड, पण त्याची चाल कोणाची हे सांगणारे दहांत दोन मिळतील. या स्त्रियांना तुम्ही वगळले असे मी म्हणत नाही. त्यांना फलक दिला, छायाचित्र दिले, जन्मसाल दिले, आणि त्यांनी केलेल्या कामापैकी जे कॅमेऱ्यासमोर किंवा मायक्रोफोनसमोर होते तेवढेच ठेवून बाकीचे पुसून टाकले. मला हे वगळण्यापेक्षाही जास्त लागते.

याच प्रदर्शनात पहिला फलक, रीतीप्रमाणे, दादासाहेब फाळक्यांचा होता आणि त्यावर 'पत्नी सरस्वतीबाईंची मोलाची साथ' असे चार शब्द होते. या 'साथ' शब्दाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. फाळक्यांच्या काळी कच्ची फिल्म छिद्रे न पाडलेली येत असे. फिल्मच्या कडेला ओळीने जी छिद्रे असतात, त्यांत कॅमेऱ्याचे आणि प्रक्षेपकाचे दाते अडकतात आणि फिल्म एकेक चौकट पुढे सरकते. ती छिद्रे अंधारात, यंत्राने, हाताखालून फिल्म सरकवीत पाडावी लागत. दोन छिद्रांमधले अंतर केसभर चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरते, आणि फिल्मवर उजेडाचा एक कवडसा पडला तरी ते रीळ वाया जाते. हे काम सरस्वतीबाईंनी केले. चित्रित झालेली फिल्म रसायनांत धुण्याचे काम त्यांनी शिकून घेतले आणि केले. भांडवल कमी पडले तेव्हा दागिनेही दिले आणि चित्रपटाच्या माणसांचा स्वयंपाकही केला. आपल्या लेखांत आणि भाषणांत दागिने आणि स्वयंपाक हे दोनच तेवढे आवर्जून येतात. ज्या हातांनी मी वर्षानुवर्षे फिल्म हाताळली त्या हातांना ठाऊक आहे की छिद्रे पाडणे आणि फिल्म धुणे ही तंत्रज्ञाची कामे आहेत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पडद्यावरचे चित्र स्थिर राहिले, त्यात या बाईंच्या हातांचा वाटा होता. त्यांचा स्वतंत्र फलक हवा, आणि त्यावर 'चित्रपट तंत्रज्ञ' असे लिहिलेले हवे.

दुसरी तक्रार महिला दिनाच्या त्या एका तासाची. त्या सत्राला 'स्त्रीचे भावविश्व' असे नाव दिले होते. मी असे अनेक कार्यक्रम पाहिले आहेत आणि नावेही साधारण अशीच असतात. स्त्रीने केलेला चित्रपट म्हणजे स्त्रीविषयीचा चित्रपट, असे त्यामागचे गृहीत असते. सई परांजपे यांच्या 'स्पर्श'मध्ये अंधशाळेचा अंध मुख्याध्यापक आहे, 'कथा'मध्ये अख्खी चाळ आहे, 'दिशा'मध्ये गिरणी कामगारांची गच्च भरलेली खोली आहे आणि गावाकडे वर्षानुवर्षे विहीर खणत बसलेला एक हट्टी भाऊ आहे. मुंबईच्या गिरणगावाविषयी आणि ओस पडणाऱ्या गावांविषयी आपल्याकडे जे थोडे चांगले चित्रपट झाले त्यांत 'दिशा'चे नाव घ्यावेच लागेल. तो 'स्थलांतर' या विषयाच्या विभागात का दाखवला जात नाही? विजया मेहता यांनी 'रावसाहेब'मध्ये जयवंत दळवींचा बॅरिस्टर उभा केला आणि 'पेस्तनजी'मध्ये मुंबईचे पारशी घर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला तरुण आहे, 'दहावी फ'मध्ये शाळेने ओवाळून टाकलेली मुले आहेत, 'अस्तु'मध्ये स्मृती हरवत चाललेला संस्कृतचा पंडित आहे. हे चित्रपट दुपारी तीनच्या तासात बसणारे नाहीत. स्त्रियांचे आयुष्य हा विषय कमी प्रतीचा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. अरुणाराजे यांचा 'रिहाई' त्या विषयावरच आहे आणि १९८८ साली तो करायला जे धाडस लागले ते आजही सहजासहजी दिसत नाही. पण काय दाखवायचे हे दिग्दर्शिकेने ठरवले आहे. तिला कोणत्या खणात ठेवायचे हे तुम्ही ठरवता, आणि माझा आक्षेप त्याला आहे.

सुमित्राताईंविषयी आणखी थोडे लिहिणे मला भाग आहे. त्या सिनेमा शिकून सिनेमात आल्या नव्हत्या. समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या. वस्तीतल्या बायकांच्या आयुष्याचा अभ्यास करताना, तो अभ्यास ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसा, या प्रश्नातून त्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचल्या, आणि १९८५ साली त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुकतीच या व्यवसायात आले होते, आणि मला शिकवलेल्या नियमांपेक्षा वेगळ्याच नियमाने तो जोडला आहे हे जाणवून मी अस्वस्थ झाले होते. त्यात घाई नव्हती. बोलणाऱ्या बाईचे बोलणे संपल्यावरही चित्र तिच्याजवळ थांबत होते. प्रेक्षकाला कंटाळा येण्याआधी दृश्य तोडा असे आम्हाला सांगितले जाई. येथे माणसाचे म्हणणे पुरे झाल्यावर दृश्य तुटत होते. पुढची तीस-पस्तीस वर्षे हाच धीर त्यांच्या चित्रपटांत राहिला. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ त्यांच्या आणि सुकथनकरांच्या 'कासव'ला मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर तो मान मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राताई पुण्यात गेल्या. ते दिवस करोनाचे होते, सभा-समारंभ शक्य नव्हते, हे मी समजू शकते. त्यानंतर निर्बंध उठले, महोत्सव पुन्हा भरले, आणि तरीही त्यांच्या कामाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा, सर्व लघुपटांसह दाखवलेला समग्र आढावा मी जेथे गेले तेथे एकदाही पाहायला मिळालेला नाही. आणि हो, त्यांच्याविषयी बोलताना सुकथनकरांचे नाव गाळणे हेही तितकेच अन्यायाचे आहे. जोडीने केलेल्या कामात दोघांची नावे घ्यावीत, एवढे साधे पथ्य आपण पाळू शकतो.

तिसरी गोष्ट 'पहिली' या शब्दाची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री हा मानाचा पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या परिचारिकांची ती गोष्ट शेवटी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर येते, आणि आपल्या छाया कदम त्यात आहेत, म्हणून आपल्या सर्वांना विशेष आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात अनेक व्यासपीठांवरून 'भारतीय स्त्रिया आता दिग्दर्शनात येऊ लागल्या आहेत' अशी वाक्ये मी ऐकली. फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला १९२६ साली, मुंबईत, आणि चित्रपटसंस्थाही स्वतःची काढली. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. चित्रपट नाहीसा झाला की नाव टिकवण्याची जबाबदारी सांगणाऱ्यांवर येते, आणि तीच आपण पार पाडलेली नाही. मागच्या स्त्रियांची नावे सांगायची नाहीत आणि मग पुढे येणाऱ्या प्रत्येकीचे 'पहिली' म्हणून कौतुक करायचे, याचा परिणाम असा होतो की प्रत्येक पिढीतल्या मुलीला वाटते की आपल्यामागे कोणीच नाही. मीही तशीच आले होते. १९८६ साली संकलनाच्या खोलीत मी एकटीच मुलगी होते आणि अरुणाराजे १९६९ सालीच फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलनाचे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या होत्या हे मला कोणी सांगितलेच नव्हते. ते ठाऊक असते तर पहिली दोन वर्षे मी ज्या भीतीत काढली ती काढावी लागली नसती.

संकलनाचा विषय निघालाच आहे, तर माझी चौथी तक्रार त्याविषयी आहे. तुमच्या माहितीपुस्तिकांत चित्रपटाच्या नावाखाली दिग्दर्शक, निर्माता आणि प्रमुख कलाकार एवढीच नावे असतात. संकलक, छायालेखक, ध्वनिलेखक, कलादिग्दर्शक, वेशभूषाकार यांची नावे गाळली जातात. त्याचा फटका या कामांतल्या पुरुषांनाही बसतोच, परंतु स्त्रियांना अधिक बसतो, कारण दिग्दर्शनाचे दार जेव्हा जवळजवळ बंद होते तेव्हा अनेक स्त्रियांनी याच खोल्यांतून चित्रपट घडवला. रेणू सलुजा यांचे उदाहरण घ्या. 'जाने भी दो यारों', 'अर्धसत्य' आणि 'परिंदा' हे तीन चित्रपट एकमेकांसारखे कोठेही नाहीत. एकात धमाल आहे, एकात पोलिसाच्या मनातला कोंडमारा, एकात टोळ्यांचा रक्तपात. तिन्हींचे संकलन त्यांचे. संवाद एकाच्या तोंडी असताना चेहरा दुसऱ्याचा दाखवायचा की नाही, किंकाळी ऐकू येण्याआधी शांतता किती ठेवायची, हे निर्णय टेबलाशी घेतले जातात आणि प्रेक्षकाच्या छातीत जे होते ते या निर्णयांमुळे होते. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चित्रपटांसाठी त्यांना चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली, पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा, त्या गेल्या. पुण्यात शिकलेल्या या बाईंवर एक पूर्ण दिवस ठेवावा असे आजवर किती महोत्सवांना वाटले?

माझ्या स्वतःच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते. कारकिर्दीच्या सुरुवातीला एका चित्रपटाच्या वेळी मुख्य संकलक आजारी पडले आणि शेवटची तीन रिळे मी जोडली. रशेस म्हणजे चित्रित झालेले तुकडे आवाजाशी जुळवण्यापासून, ट्रिम्स म्हणजे कापून उरलेले तुकडे बिनमध्ये टांगून त्यांवर ग्रीस पेन्सिलीने क्रमांक घालण्यापासून, मूळ निगेटिव्ह कापता यावी म्हणून फिल्मच्या कडेवरचे क्रमांक उतरवून देण्यापर्यंत सर्व काम मी केले. श्रेयनामावलीत माझे नाव आले नाही. विचारले तेव्हा पाटी आधीच छापून झाली होती असे सांगण्यात आले. निर्मात्याचे नाव घेऊन आता काही साधायचे नाही. पण त्या चित्रपटाचा शेवट आजही लोक वाखाणतात आणि मी दर वेळी गप्प बसते. श्रेयनामावलीतून गळलेले नाव परत आणता येत नाही; जे नाव पडद्यावर आहे ते निदान तुमच्या पुस्तिकेतून तरी गळू नये.

शेवटची गोष्ट जतनाची आहे आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, राजोपाध्ये घराण्यातल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. हा 'पहिली' मात्र निर्विवाद आहे. 'सी.आय.डी.', 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'गाइड', 'आम्रपाली' या चित्रपटांतल्या माणसांना त्यांनी कपडे दिले, म्हणजेच काळ दिला. २०१२ साली त्यांनी ते ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवले, ते तेथे सुरक्षित राहील म्हणून. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईत आयुष्यभर काम केलेल्या एका स्त्रीला आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी खूण ठेवण्यासाठी या राज्यात, या देशात खात्रीची जागा दिसली नाही. त्या ऑक्टोबर २०२० मध्ये गेल्या. त्या बातमीनंतर आपण हळहळलो, पण त्यांची रेखाटने, कापडाचे नमुने, वह्या यांसारख्या गोष्टींचे आपल्याकडे पुढे काय होते हा प्रश्न आपल्यापैकी कोणी लावून धरला नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण संग्रहालय आपोआप भरत नाही. कोणी तरी दारी जाऊन वस्तू मागावी लागते, नोंद करावी लागते. हे काम तुमच्यासारख्या, माणसांशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या संस्थाच करू शकतात.

यावर माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पुढच्या आवृत्तीपासून स्त्री चित्रपटकर्त्या मुख्य प्रदर्शनात, त्यांच्या त्यांच्या सालाच्या जागी असाव्यात, आणि अभिनेत्री म्हणून गाजलेल्यांच्या फलकावर त्यांचे दिग्दर्शन, निर्मिती व संगीत यांची नोंद असावी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा समग्र आढावा लघुपटांसह, संध्याकाळच्या मुख्य वेळेत, चांगल्या प्रतीवरून दाखवावा. त्यानंतर सई परांजपे, विजया मेहता आणि अरुणाराजे यांचा. माहितीपुस्तिकेत प्रत्येक चित्रपटाखाली तंत्रज्ञांची पूर्ण नावे छापावीत, त्याला फार तर चार ओळी लागतील. निवड समितीत दर वर्षी किमान दोन स्त्री तंत्रज्ञ असाव्यात. 'मिळत नाहीत' असे उत्तर असेल तर मी नावे देते. ज्या ज्येष्ठ स्त्रिया अद्याप आपल्यात आहेत त्यांच्या सविस्तर मुलाखती याच वर्षी ध्वनिमुद्रित कराव्यात, प्रश्न त्यांच्या कामाविषयी असावेत, आणि त्या मुद्रणांची एक प्रत संग्रहालयाकडे सोपवावी. महिला दिनाचा कार्यक्रम करायचा असेल तर जरूर करा, पण या पाचांपैकी एकाही गोष्टीच्या बदली तो करू नये.

माझ्याकडे १९८६ पासूनच्या कामाच्या सदतीस वह्या आहेत. कोणते दृश्य कितव्यांदा बदलले आणि का, हे त्यांत तारखेनिशी लिहिलेले आहे. त्यांत माझ्याबरोबर काम केलेल्या, कोठेही नाव न आलेल्या अकरा सहायक मुलींची नावे आणि त्यांनी केलेले काम यांचीही नोंद आहे. जी संस्था त्या वह्या मुख्य दालनात मांडील आणि नंतर रीतसर संग्रहालयात जमा करील, तिला त्या मी विनामूल्य देईन. उत्तराची वाट दिवाळीपर्यंत पाहीन.

आपली,
एक निवृत्त चित्रपट संकलक,
पुणे